पातं शिकलगाराचं, मुद्रा राजाची

जुना जर्मन शिकारी खंजीर हातात आला, तरी जाणकार संग्राहक तो लगेच उपसत नाही. आधी म्यानासकट कानाशी नेऊन हलकेच हलवतो. मूठ खुळखुळली तर तिच्या आत गेलेलं पात्याचं शेपूट ढिलं झालं असणार, नाहीतर अलीकडे कुणीतरी उघडून पुन्हा बसवलं असणार. मग तो मुठीचा माथा बघतो. तिथे शेपटाचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं. त्या ठोक्यावर ताज्या हातोडीची चकाकी दिसली की त्याचा चेहरा पडतो आणि वस्तू टेबलावर परत जाते. शेजारचा नवखा मात्र पात्यावरची सोनेरी हरणं बघून केव्हाच पाघळलेला असतो.

कासेल, श्टुटगार्ट अशा शहरांत भरणाऱ्या जुन्या शस्त्रांच्या बाजारांत हे नेहमी दिसतं. तिथे तलवारी असतात, शिरस्त्राणं असतात, संगिनींचे तर ढीग असतात. शिकारी शस्त्रांच्या टेबलाभोवतीची माणसं मात्र थोडी वेगळी. त्यांना लढायांत फारसा रस नसतो. शिंगाच्या मुठीवरचे खवले, पितळेतलं ओक झाडाचं बोंड, कुत्र्याच्या तोंडात अडकलेला रानडुकराचा कान, असल्या गोष्टींवर ती तासन्‌तास बोलतात.

या मंडळींच्या लाडक्या हत्याराचं नाव हिर्शफेंगर. सरळ, टोकदार पातं, लांबी बहुधा ४० ते ५० सेंटिमीटर. खंजीर म्हणावा तर लांब, तलवार म्हणावी तर आखूड. हरणाचा शेवट करण्यासाठी ते जन्माला आलं. पण ते सर्वांत जास्त संख्येने घडलं, विकलं गेलं आणि नटलं, ते हरीण मारायला त्याची गरज उरली नव्हती तेव्हा. संग्राहकांच्या कपाटांतला मोठा हिस्सा या दुसऱ्या काळातला आहे, आणि कारागिरीची खरी गोष्टही तिथेच आहे.

शेवटचा वार

अठराव्या शतकातल्या जर्मन संस्थानिकांना शिकारीचं वेड होतं हे म्हणणं कमीच. डार्मश्टाटजवळ क्रानिखश्टाइन नावाचा शिकारमहाल आहे. आज तिथे शिकारीचं संग्रहालय आहे. १७३९ ते १७६८ या काळात हेसेन-डार्मश्टाटच्या गादीवर असलेला लुडविग आठवा याचा हा आवडता महाल. इथली शिकार फ्रेंच धर्तीची होती. एकच मोठा नर हेरायचा, कुत्र्यांचा कळप सोडायचा आणि घोड्यांवरून तासन्‌तास पाठलाग करायचा. दमलेलं हरीण शेवटी एखाद्या तळ्यात नाहीतर झुडपाला पाठ लावून उभं राहतं आणि कुत्र्यांवर शिंगं रोखतं. बंदूक चालवली तर कुत्री मरतात, म्हणून इथे पोलाद लागतं.

पण थेट समोर जायला कुणी वेडा नव्हता. आधी एक नोकर मागून सरपटत जाई आणि हरणाच्या मागच्या पायाची नस कापी. लाथ किंवा शिंग लागलं तर त्याचं नशीब. हरीण बसलं की मालक पुढे येऊन खांद्यामागे, काळजाच्या रोखाने हिर्शफेंगर खुपसत. तुताऱ्या वाजत, चित्रकार ते दृश्य रंगवत. चित्रात नोकर असलाच तर कोपऱ्यात असे.

त्याच कमरपट्ट्याच्या कुटुंबातलं दुसरं हत्यार म्हणजे वाइडब्लाट. रुंद, जड, कोयत्याच्या जातीचं. हाडं तोडायला आणि शिकार फाडायला ते उपयोगी पडे. त्याच्या म्यानात बाजूला खाचा करून लहान सुऱ्या आणि एखादा काटा बसवलेला असे, म्हणजे अख्खा संच एका म्यानात. असे पूर्ण संच आता दुर्मीळ झाले आहेत. सुऱ्या हरवतात किंवा वेगळ्या विकल्या जातात आणि रिकाम्या खाचा तेवढ्या राहतात.

वाइडब्लाटचा आणखी एक उपयोग होता आणि तो जुन्या शिकारपोथ्यांत तपशिलाने येतो. दरबारी शिकाऱ्यांची स्वतःची बोली होती आणि तिच्यातला शब्द चुकवणं हा गुन्हा होता. चुकणाऱ्याला मारलेल्या हरणावर पालथं घालत आणि वाइडब्लाटच्या सपाट बाजूने पार्श्वभागावर तीन फटके देत. भोवती सगळे उभे राहून ओरडत. मोठ्या हुद्द्याचा माणूसही यातून सुटत नसे म्हणतात. पण राजाला फटका मारायची छाती कुणाला झाली असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे.

काम गेलं, रुबाब वाढला

१८४८ च्या क्रांतीने जर्मन भूमीवरचे सरंजामी शिकारहक्क मोडीत निघाले. तोवर हरणांनी आणि डुकरांनी शेत फस्त केलं तरी शेतकऱ्याला हात चोळत बसावं लागे, कारण जनावरं सरदाराची होती. आता जमिनीचा मालक तोच शिकारीचा हक्कदार ठरला. डॉक्टर, वकील, गिरणीमालक रानं भाड्याने घेऊन शिकारीला जाऊ लागले. त्याच शतकात मागून भरायच्या बंदुका आल्या आणि नेम धरून दुरून मारणं सोपं झालं. जखमी जनावरापाशी जाऊन पोलाद खुपसण्याचे प्रसंग घटले.

हिर्शफेंगर मात्र कमरेला राहिला. नव्या शिकाऱ्याला जुन्या सरदारांसारखं दिसायचं होतं. शिवाय सरकारी वनखात्यांनी तो गणवेशाचा भाग केला. प्रशियाच्या फॉरेस्टरच्या हिरव्या कोटाबरोबर तो शोभे आणि हुद्द्याप्रमाणे त्याची घडण बदले. सैन्यातही त्याने पाय रोवलेलेच होते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७४० च्या दशकात ज्या येगर, म्हणजे शिकारी, तुकड्या उभारल्या, त्यांत वनपाल आणि शिकाऱ्यांची पोरं भरती होत. नेमबाजी त्यांना घरूनच येत असे. या तुकड्यांची बाजूची शस्त्रंही शिकारी घराण्यातली होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी भाड्याने नेलेल्या हेसेनच्या येगरांच्या कमरेलाही हिर्शफेंगर होते. त्यामुळे ही जर्मन शस्त्रं आज अमेरिकन संग्रहांतही भेटतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांचे कॅटलॉग निघू लागले. गिऱ्हाइकाने पानं उलटायची आणि मूठ शिंगाची की शिसवीची, परज साधी की शिंपल्याच्या आकाराची, पात्यावर हरीण की डुक्कर हे निवडायचं. आडव्या दांडीची टोकं हरणाच्या खुरांची हवीत की ओकच्या बोंडांची हेही तोच ठरवी. आपल्याकडे लग्नाच्या शालूचे काठ-पदर निवडताना होतो, तसा हा सोहळा असावा. आज संग्राहक तेच जुने कॅटलॉग मिळवतात आणि हातातला नग त्यांतल्या चित्राशी ताडून बघतात.

वुप्परच्या काठी

हे सगळं जिथे घडलं ते झोलिंगेन शहर कोलोनपासून फार दूर नाही. डोंगराळ मुलूख, वाकडीतिकडी वुप्पर नदी आणि तिला मिळणारे ओढे. जमीन फारशी पिकाऊ नाही, पण पाण्याला जोर आहे. चौदाव्या शतकात शहराचा दर्जा मिळालेल्या या गावाने पोलादावर पोट भरलं. शिकलगार आणि पाणी देणाऱ्यांच्या संघाला १४०१ मध्ये सनद मिळाली, तलवार जोडून पुरी करणाऱ्यांच्या संघाला १४१२ मध्ये, आणि तलवारी घडवणाऱ्या लोहारांना १४७२ मध्ये. कामाची अशी वाटणी इथे शतकानुशतकं टिकली. लोहार घडवी, दुसरा पाणी देई, तिसरा घासे, चौथा मूठ-म्यान जोडी. गाव सोडायचं नाही आणि विद्या बाहेर न्यायची नाही, अशी शपथ त्यांना घ्यावी लागे. तरी १६८७ च्या सुमारास काही कुटुंबं इंग्लंडच्या शॉटली ब्रिजला जाऊन बसलीच.

शिकलगारांच्या कामाच्या जागेला कोट्टेन म्हणतात. वुप्परकाठच्या विप्परकोट्टेनमध्ये आजही पाणचक्की फिरताना बघायला मिळते. बाहेर लाकडी चाकावर पाणी पडतं, आत दांडे आणि पट्टे फिरतात आणि त्यांच्या टोकाला दगडी सहाण गरगरते. खोली ओलसर, भिंतींवर राखाडी चिखलाचे शिंतोडे. शिकलगार दगडासमोर बसून पातं लाकडाच्या पट्टीवर धरी आणि गुडघ्यांनी रेटा देई. पात्याची मधली नाळ, दोन्ही अंगांचा उतार, टोकाकडची निमुळती धार यांना मोजपट्टी नव्हती. हाताला कळे आणि ठिणगीच्या रंगाने डोळ्याला कळे.

वाळूच्या दगडाची भुकटी फुप्फुसात जाई. सिलिकोसिस हा इथला घरचा आजार होता. दगड फुटून माणसं दगावत ती वेगळीच. घासलेला माल व्यापाऱ्याकडे पोचवायचं काम बायकांचं होतं. डोक्यावर जड टोपली घेऊन त्या डोंगरवाटांनी चालत जात. झोलिंगेनमध्ये त्यांचा पुतळा आहे. कुठल्याही खंजिरावर त्यांचं नाव नाही आणि शिकलगाराचंही नाही. पात्यावर खूण असते कारखानदाराची आणि शिक्का असतो मालकाचा.

घासण्याच्याही पायऱ्या होत्या. जाड दगड, बारीक दगड आणि मग चामडं चढवलेली लाकडी चाकं, ज्यांवर सरस आणि कुरुंदाची पूड लावलेली असे. या शेवटच्या हाताने पोलादाला जी निळसर, तलम झिलई येते ती झोलिंगेनची ओळख. जुन्या पात्याचं निरीक्षण करताना भिंग लावून त्या ओरखड्यांची दिशा बघतात. मूळ झिलईत ओरखडे पात्याला आडवे, एकसारखे आणि अतिशय बारीक असतात. घरी सँडपेपर मारून "साफ" केलेलं पातं लगेच कळतं, आणि त्याची किंमत तिथेच कोसळते.

अॅसिड, सोनं, निळाई

पात्यावरची चित्रं कोरलेली वाटतात, पण बहुतेक ती अॅसिडने खाल्लेली असतात. पात्यावर मेण किंवा डांबराचा थर द्यायचा, सुईने रेषा ओढून पोलाद उघडं करायचं, मग अॅसिड. किती वेळ ठेवायचं यावर सगळा खेळ. कमी ठेवलं तर चित्र फिकं, जास्त ठेवलं तर रेषांच्या कडा फाटतात. उत्तम कामात आधी जमीन खाल्ली जाते, हरीण उंच राहतं आणि मग दुसऱ्या हातात त्याच्या अंगावरचे केस काढले जातात.

निळा रंग वेगळा लावत नाहीत. पोलाद तापवत नेलं की ते आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, जांभळं, आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला गडद निळं. तिथेच थांबवायचं. एका क्षणाचा उशीर झाला की करडं पडतं. त्या निळाईवर सोन्याचा मुलामा चढला की जंगल उजळतं. जुना मुलामा पाऱ्यात सोनं कालवून आणि तापवून चढवत. पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत जाई. १८४० च्या दशकापासून विजेचा मुलामा आला, तो स्वस्त आणि सुरक्षित, पण थर पातळ. जुन्या नगाच्या खोबणीत अजून जाडसर, उबदार सोनं दिसतं ते या फरकामुळे.

चित्रांचे विषय ठरलेले. धावणारं हरीण, कुत्र्यांनी घेरलेलं डुक्कर, कोल्हा, आणि शिंगांमध्ये क्रूस असलेल्या हरणापुढे गुडघे टेकलेला संत ह्युबर्टस. हा शिकाऱ्यांचा संत, त्याचा सण ३ नोव्हेंबरला. दरबारी नगांवर मुठीही भारी: हस्तिदंत, चिनीमाती, चांदी. ड्रेस्डेनच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात सॅक्सनीच्या इलेक्टरांचे जे शिकारी संच आहेत ते पाहिले की प्रश्न पडतो, हे रानात नेलं तरी होतं का? म्युनिकच्या भर बाजारात, जुन्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये असलेल्या शिकार आणि मासेमारीच्या संग्रहालयात मात्र वापरून झिजलेले, साध्या शिंगाचे नगही बघायला मिळतात. या लेखापुरतं मत द्यायचं तर झिजलेल्यांतच जास्त शिकायला मिळतं.

शिंग कुणाचं

हिर्शफेंगरची खरी मूठ हरणाच्या शिंगाची. युरोपातल्या लाल हरणाचं शिंग दर वर्षी वसंताच्या तोंडावर झडतं. ते वेचून वाळवतात. पण त्याच्या गाभ्यात स्पंजासारखा भाग असतो, आणि पात्याच्या शेपटासाठी भोक पाडलं की भिंत पातळ होते. म्हणून योग्य जाडीचा, हाताला बसेल इतकाच वाक असलेला तुकडा निवडणं हेही कसब. वरचे खवले डाव्या हाताला टोचतात की उजव्या, हेसुद्धा बघत. मुठीला आरपार खिळे जातात आणि त्यांची डोकी म्हणून पितळी बोंडं बसवतात.

इथे भारत मध्ये येतो. सांबराचं शिंग जास्त भरीव असतं, गाभा कमी. सुऱ्यांच्या मुठींसाठी त्याची ख्याती जगभर झाली, आणि विसाव्या शतकात झोलिंगेनच्या अनेक शिकारी सुऱ्यांवर भारतीय सांबर चढलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर नियम कडक होत गेले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस झडलेल्या शिंगांची निर्यातही बंद झाली. कारण उघड होतं. झडलेलं शिंग आणि मारून काढलेलं शिंग एकाच पोत्यात जात होतं. त्यामुळे सांबराच्या मुठीच्या जुन्या सुऱ्यांचे भाव चढले.

उलट्या दिशेची वाहतूक त्याहून जुनी आहे. पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर युरोपी पाती उतरत. त्यांना देशी मूठ बसवून फिरंग तलवार होई, आणि मराठ्यांनी ती आवडीने वापरली. त्या पात्यांत जर्मन पातीही होती.

लांडग्याची खूण

काही फिरंगांवर चार-सहा ओरखड्यांनी काढलेला पळता लांडगा सापडतो. तो मुळात बव्हेरियातल्या पासाऊ शहराचा. पासाऊच्या पात्यांची ख्याती एवढी होती की झोलिंगेनवाल्यांनी लांडगा सरळ उचलला आणि शतकानुशतकं वापरला. सोबत १४१४ सारखे आकडेही ठोकले. नवखा संग्राहक तो आकडा साल समजतो आणि अठराव्या शतकातला खंजीर पंधराव्या शतकाचा म्हणून विकत घेतो. म्हणजे ज्या गावाने पुढे स्वतःच्या नावाच्या रक्षणासाठी १९३८ साली कायदा करवून घेतला, त्याची आधीची भरभराट दुसऱ्या गावाच्या खुणेवर झालेली. झोलिंगेनच्या ग्रेफराट भागात जुन्या मठात असलेल्या जर्मन पाते-संग्रहालयात अशा खुणा शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

आजची नक्कल वेगळ्या जातीची. सर्वांत जास्त दिसतो तो जुळवाजुळवीचा नग: पातं एकाचं, म्यान दुसऱ्याचं, मूठ तिसऱ्याची. सगळं जुनं, पण लग्न नवं. म्यानाच्या तोंडाचं कडं आणि परज यांच्यामधली फट बघतात. शंभर वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीने एकमेकांवर झीज सोडलेली असते. साच्यात ओतलेल्या नव्या पितळेवर कुत्र्याचे डोळे बुजल्यासारखे दिसतात. छिन्नी फिरवलेल्या जुन्या पितळेत बुबुळ असतं.

कागदाने झाकलेलं चिन्ह

शिकारी शस्त्रांच्या टेबलावर काही मुठींवर कागदी चिकटपट्टी लावलेली दिसते. खाली स्वस्तिक असतं. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ कलमानुसार नाझी चिन्हं जाहीर मिरवणं गुन्हा आहे. इतिहास आणि संशोधनासाठी अपवाद आहेत. लिलावगृहं अशा वस्तूंसाठी गिऱ्हाइकाकडून तसं लिहून घेतात. १९३४ च्या राइशच्या शिकार कायद्याने सगळे शिकारी एका सरकारी संघटनेखाली आले आणि नाझी नेता गोरिंग झाला त्यांचा प्रमुख. या संघटनेच्या हिर्शफेंगरवर हरणाचं डोकं असे आणि शिंगांमध्ये, ह्युबर्टसच्या क्रुसाच्या जागी, स्वस्तिक. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिकांनी असे खंजीर पिशव्या भरून घरी नेले.

खुणा वाचणाऱ्याला याच टेबलावर तराजूची खूणही भेटते. ती आलेक्झांडर कोप्पेल या झोलिंगेनच्या ज्यू घराण्याच्या कारखान्याची. नाझी काळात कारखाना त्यांच्या हातून हिरावला गेला. घराण्यातले डॉ. आलेक्झांडर कोप्पेल यांना थेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत पाठवलं गेलं आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. तराजू मात्र चालूच राहिला, हिटलरच्या सैन्याच्या खंजिरांवरसुद्धा. हा तपशील सांगणारे विक्रेते आहेत. भाव सांगून गप्प बसणारे जास्त आहेत. झोलिंगेनमधल्या एका शाळेला आज कोप्पेल यांचं नाव आहे.

कपाटात आणि कपाटाबाहेर

हौस महागडी आहेच, शिवाय कटकटीची. पातं चामडी म्यानात कायमचं ठेवायचं नाही. चामडं कमावताना वापरलेलं टॅनिन पोलादाला डाग पाडतं आणि पितळेवर हिरवं कीट चढवतं. आटलेल्या म्यानात पातं जबरदस्तीने घातलं तर शिवण उसवते. बोटांचे ठसे गंजतात, म्हणून हातमोजे आणि मेणाचा पातळ हात. हस्तिदंती मूठ विकायची तर युरोपीय संघात १९४७ पूर्वीच्या कोरीव कामालाही आता दाखला लागतो.

आणि हे शेवटी शस्त्र आहे. जर्मनीत १२ सेंटिमीटरहून लांब स्थिर पात्याची सुरी कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगता येत नाही. संग्राहक आपला माल कुलपाच्या पेटीतून नेतो. २३ ऑगस्ट २०२४ रोजी झोलिंगेनच्या साडेसहाशेव्या वर्षाच्या उत्सवात एका हल्लेखोराने सुरीने तिघांचा जीव घेतला. सुऱ्यांचं गाव म्हणून मिरवणाऱ्या शहराला ही बातमी किती बोचली असेल हे सांगायला नको. त्याच शरद ऋतूत कायदा आणखी कडक झाला आणि जत्रा-उत्सवांत सुऱ्यांना सरसकट मनाई आली. शिकार आणि परंपरेचे कार्यक्रम अशा मोजक्या कारणांना सवलत राहिली.

त्या सवलतीत बसणारा एक प्रसंग दर वर्षी येतो. शिकारीची परीक्षा जर्मनीत अवघड असते. ती पास झालेल्यांचा समारंभ होतो आणि त्यात हिर्शफेंगरने डाव्या खांद्यावर तीन हलके ठोके देऊन त्यांना शिकारी म्हणून स्वीकारतात. तुताऱ्या वाजतात, फोटो निघतात. खांदे पुढे करणाऱ्यांत आता बऱ्याच मुलीही असतात. त्यासाठी कुठे संघाचा नवा हिर्शफेंगर असतो, तर कुठे एखादा संग्राहक सभासद घरचा जुना घेऊन येतो आणि ठोके मारणाऱ्याला तीनदा बजावतो की पात्याला बोट लावू नका. नंतर रानात गेल्यावर हरीण सोलायला सगळेजण नारिंगी प्लास्टिकच्या मुठीची सुरी काढतात. ती गवतात पडली तरी सापडते आणि गरम पाण्याने धुता येते.